पारतंत्र्याची साक्ष कोणी जपायची?

(जागतिक वारसा सप्ताहाच्या निमित्ताने खामगाव येथे झालेल्या व्याख्यानाचे हे लेखरूप.)



बुलढाणा जिल्ह्यात ऐतिहासिक वास्तूंचा विषय निघाला की सर्वांची दृष्टी प्रथम सिंदखेडराजाकडे वळते आणि ते स्वाभाविकच आहे. राजमाता जिजाऊंचे ते जन्मस्थान. दरवर्षी १२ जानेवारीला तेथे लोटणारा जनसागर, राजे लखुजीराव जाधवांची भव्य समाधी, राजवाडा, नीलकंठेश्वर आणि रामेश्वर यांची मंदिरे हे सारे महाराष्ट्राच्या अंतःकरणाशी जोडलेले आहे. त्यानंतर लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचे नाव निघते, मेहकरच्या शार्ङ्गधर बालाजीचे निघते. या मालिकेत खामगावचे नाव कोणी घेत नाही. खामगाव म्हटले की कापूस, चांदी, साबणाचा कारखाना आणि औद्योगिक वसाहत. पाहुणा आला आणि त्याने काही पाहण्याची इच्छा दाखविली, तर खामगावकर त्याला शेगावचा रस्ता दाखवितात. आपल्या गावात पाहण्यासारखे काही नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

ही समजूतच येथील जुन्या वास्तूंच्या मुळावर आली आहे. देवालय पडू लागले तर भाविक जमतात, गढीचा बुरूज ढासळला तर वर्तमानपत्रात बातमी येते. पण कापसाच्या पेठेतले एखादे जुने जिनिंग, प्रेसचे धुरांडे, गोदाम किंवा व्यापाऱ्याची पेढी उद्ध्वस्त झाली तर ती 'मोकळी झालेली जागा' असते. वस्तुतः वऱ्हाडच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासाचा सर्वांत बोलका पुरावा राजवाड्यांत नाही. तो या पेठेत आहे.

तूप, सूत आणि थोडा कापूस

खामगावच्या बाजारपेठेच्या जन्माची हकीकत इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्ये अवघ्या एकदोन वाक्यांत आलेली आहे. सन १८२०च्या सुमारास काही व्यापारी येथे येऊन स्थायिक झाले आणि त्यांनी तूप, सूत व थोडाफार कापूस यांचा व्यापार आरंभिला. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. सूत विकले जात होते, याचा अर्थ ते कोणीतरी कातत होते. बाजारात येणारा कापूस थोडा होता, कारण पिकलेल्या कापसाचा मोठा भाग गावातल्या चरख्यावर आणि मागावर खपत होता. शेतकरी पिकवीत होता, त्याच्या घरातील स्त्री कातीत होती, कोष्टी विणीत होता. कापसाचे वस्त्र होईपर्यंतचा सारा प्रवास पंचक्रोशीत घडत होता.

पुढे पन्नास वर्षांत हे चित्र पार पालटले. सन १८५३ मध्ये निजामाने फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. त्यानंतर आठच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथून लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा कापसाचा पुरवठा तुटला आणि इंग्रज गिरणीमालकांची नजर हिंदुस्थानातल्या काळ्या जमिनीवर खिळली. युद्ध १८६५ साली संपले, परंतु वऱ्हाडवरची नजर हटली नाही. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. मुख्य मार्गावरील जलंब स्थानकापासून खामगावच्या बाजारापर्यंत सुमारे आठ मैलांची शाखा टाकण्यात आली आणि १८७० साली तिच्या उद्घाटनासाठी साक्षात व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला. आठ मैलांच्या रुळांसाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या कापसाचे मोल इंग्रजांना किती वाटत होते ते समजते. १८६९च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला होता. १८७० मध्येच मुंबई आणि लंडन यांना जोडणारी समुद्रतार सुरू झाली. रूळ, कालवा आणि तार ही तीन साधने वर्षभराच्या आत एकत्र आली आणि खामगावच्या बाजारात उभ्या असलेल्या बंडीतील कापसाचा भाव लिव्हरपूलला ठरू लागला.

हे सारे सहज घडून आले, असे कोणी समजू नये. मध्यप्रांत आणि वऱ्हाडसाठी नेमलेला कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नॅक याने १८६९च्या सुमारास आपला हेतू कागदावर स्पष्ट मांडून ठेवला आहे. त्याच्या लिहिण्याचा आशय असा की, या प्रदेशात रेल्वेची शाखा आली म्हणजे विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्तात विकता येईल. जो कापूस आज सुतासाठी खर्ची पडतो तो निर्यातीला मिळेल. आणि कातणे-विणणे यांत गुंतलेली मोठी लोकसंख्या शेतमजुरीसाठी मोकळी होईल, म्हणजे रानवट जमिनीही लागवडीखाली आणता येतील. एका समाजाचा व्यवसाय मोडण्याची योजना इतक्या शांत चित्ताने क्वचितच कोणी लिहून ठेवली असेल. तूप, सूत आणि थोडा कापूस यांतले सूत कोठे गेले, या प्रश्नाचे उत्तर त्या लिखाणात आहे.

कालांतराने येथला कापूस लँकेशायरपेक्षा युरोप खंडातील अन्य देशांत आणि जपानमध्ये अधिक जाऊ लागला. पण भाव ठरविण्याचा अधिकार काही वऱ्हाडात परतला नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात ज्यांच्या शेतात ज्वारीऐवजी कापूस उभा होता, त्यांच्या हाती ना धान्य राहिले ना ते विकत घेण्याइतका पैसा. सखाराम गणेश देऊस्कर या मराठी कुळातील लेखकाने बंगाली भाषेत 'देशेर कथा' लिहून १९०४ साली या आर्थिक लुटीचा पाढा वाचला. इंग्रज सरकारने १९१० मध्ये ते पुस्तक जप्त केले. पुस्तक जप्त करता येते. विटा, चुना आणि लोखंड यांत उभा राहिलेला पुरावा मात्र राहतो. निदान तो पाडण्याचे काम इंग्रजांनी केले नाही.

गुलामीच्या खुणा कशाला?

येथे एक आक्षेप येतो आणि तो राष्ट्रीय विचारांच्या माणसाकडूनच येतो, म्हणून त्याचा आदराने विचार केला पाहिजे. आक्षेप असा की, ज्या वास्तू परकीयांच्या शोषणासाठी उभ्या राहिल्या त्या आपण का जपाव्यात? मंदिरे जपावीत, गड जपावेत, बारवा जपाव्यात. प्रेसच्या धुरांड्याशी आपले काय नाते?

याचे उत्तर अंदमानात आहे. योगायोग असा की, खामगावची रेल्वे सुरू करून गेलेल्या लॉर्ड मेयोची ८ फेब्रुवारी १८७२ रोजी अंदमानातच शेरअली नावाच्या बंदिवानाने हत्या केली. पुढे त्याच बेटावर १८९६ ते १९०६ या काळात सेल्युलर जेल बांधले गेले. मध्यवर्ती मनोऱ्याभोवती सात लांबलचक इमारती, अशी त्याची रचना होती. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ साली तेथे पोहोचले आणि कोलू फिरविण्याची शिक्षा भोगत त्यांनी तेथे दहा वर्षे काढली. हे कारागृह इंग्रजांनी बांधले होते आणि ते भारतीयांना चिरडण्यासाठीच बांधले होते. यापेक्षा अधिक गुलामीची खूण कोणती असणार? तरीही स्वातंत्र्यानंतर जेव्हा त्याच्या काही इमारती पाडण्यात आल्या आणि त्या आवारात रुग्णालय उभे राहू लागले, तेव्हा ते पाडू नका म्हणून आवाज उठविला तो तेथे शिक्षा भोगलेल्या क्रांतिकारकांनी. त्यांच्या प्रयत्नांमुळे सातांपैकी तीन इमारती आणि मनोरा वाचला आणि ११ फेब्रुवारी १९७९ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी ते राष्ट्रीय स्मारक म्हणून देशाला अर्पण केले. त्या बंदिवानांना आपल्या यातनांची जागा पुसून टाकावीशी वाटली नाही. आज तेथे जाणारा प्रत्येक भारतीय सावरकरांच्या कोठडीपुढे नतमस्तक होतो. चार इमारती गेल्या त्या मात्र कायमच्या गेल्या.

खामगावच्या पेठेत फाशीघर नव्हते, कोलूही नव्हता. तेथे झालेली लूट कायदेशीर होती, हिशेबाच्या वह्यांत लिहिलेली होती आणि तिच्यावर पावतीही मिळत होती. म्हणूनच तिचा पुरावा अधिक जपायला हवा, कारण अशी लूट फार लवकर विसरली जाते.

दुसरी गोष्ट. या वास्तू केवळ इंग्रजांच्या होत्या, हे म्हणणेही खरे नाही. युरोपीय कंपन्यांचे दलाल येथे आले, हे खरे. पण विटा भाजल्या त्या येथल्या मातीच्या, चुना मळला येथल्या मजुरांनी, लाकूड चढविले येथल्या सुतारांनी. भांडवल घालणाऱ्यांत लवकरच मारवाडी, गुजराती आणि वऱ्हाडी व्यापारी पुढे सरसावले. याच पेठांनी पुढे स्वदेशीला, गोरक्षणाला, धर्मशाळांना आणि शाळांना पैसा दिला. राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून खामगावात टिळक राष्ट्रीय विद्यालय उभे राहिले आणि पंधे गुरुजींच्या कलासाधनेमुळे चित्रकलेच्या क्षेत्रातही या गावाचे नाव झाले. शोषणाच्या पेठेतच राष्ट्रीय जागृतीची बीजे रुजली. इतिहास असाच गुंतागुंतीचा असतो, आणि तो तसाच्या तसा पुढच्या पिढीच्या हाती द्यावा लागतो.

एका जिनिंगची अंतर्रचना

वऱ्हाडातल्या जुन्या पद्धतीच्या जिनिंगकडे बाहेरून पाहिले तर ती वखारीसारखी एक लांब इमारत दिसते. तिच्या आत मात्र मोठी युक्ती होती. रेचे, म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारी यंत्रे, वरच्या मजल्यावर ओळीने मांडलेली असत. खालच्या मजल्यावर इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडी दांडा फिरत असे आणि त्यावरून गेलेले चामडी पट्टे प्रत्येक रेच्याला गती देत. वाफेच्या एकाच इंजिनावर सारी ओळ चाले. त्या इंजिनाच्या बॉयलरसाठी विटांचे उंच धुरांडे. कापूस वर चढायचा, सरकी जाळीतून खाली पडायची, रुई पुढे सरकायची. मग प्रेसच्या घरात तिच्या गाठी दाबून बांधल्या जात आणि त्या रेल्वेच्या डब्यांत भरल्या जात. आगीचे भय सदैव असे, म्हणून आवारात पाण्याचा हौद असायचाच. दिवाळीच्या आगेमागे हंगाम सुरू झाला की रात्रंदिवस रेचे चालत आणि पहाटेच्या भोंग्यावर सारे गाव उठे.

रेच्यापुढे बसून कापूस घालण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया करीत. धूळ, तंतू आणि उकाडा यांत बारा-बारा तास. त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. ज्यांच्या आज्या-पणज्यांच्या हातचा चरखा रिव्हेट-कार्नॅकच्या योजनेने बंद पाडला, त्यांतल्याच कित्येकींच्या लेकी-सुना पुढे या रेच्यांपुढे बसल्या असतील. त्या कामाची जागा, तो उंच जिना, अंगावर येणारे ते छप्पर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय त्या श्रमाची कल्पना येत नाही. पुस्तकातून तर नाहीच नाही.

आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही. १९२५ साली जिनिंग आणि प्रेसिंग कारखान्यांसाठी कायदा झाला आणि त्यानुसार प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण व क्रमांक घालणे आणि नोंदवह्या ठेवणे बंधनकारक झाले. अशा किती वह्या जुन्या कचेऱ्यांच्या माळ्यावर पडून असतील! कोणाचा कापूस किती आला, कोणाला गाठी गेल्या, मजुरी काय दिली, हे सारे त्यांत असणार. इमारत पाडली जाते तेव्हा विटांना गिऱ्हाईक असते, सागवानाला असते, लोखंडाला तर फारच असते. वह्या रद्दीत जातात.

दोष कोणाचा?

या वास्तू पडत आहेत म्हणून त्यांच्या मालकांना दूषणे देणे सोपे आहे. ते न्याय्य नाही. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू झाली. शेतकऱ्याला व्यापाऱ्यांच्या कचाट्यातून सोडविण्याचा तिचा हेतू चांगला होता, पण तिच्यामुळे खासगी जिनिंगचा स्वतंत्र व्यवसाय संपला आणि ते सरकारी कापूस भाड्याने पिंजून देणारे झाले. जुन्या इमारतींच्या देखभालीला पैसा उरला नाही. २००० साली केंद्राचे कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झाले. आधुनिक रेचे, फरसबंद आवार, स्वयंचलित प्रेस अशा सुधारणांसाठी अनुदान मिळू लागले. ही सुधारणा आवश्यकच होती. भारतीय कापसातील कचरा हा जगाच्या बाजारात टीकेचा विषय झाला होता. परंतु नवे कारखाने स्वाभाविकपणे गावाबाहेर, हमरस्त्यावर गेले आणि गावाच्या मध्यावर सापडलेल्या जुन्या आवारांना कापसापेक्षा कितीतरी अधिक भाव आला, तो जागेचा. त्यात चार-चार पिढ्यांचे वारस, वाटण्यांचे दावे, चढती घरपट्टी. छप्पर गळू लागलेल्या इमारतीवर वर्षानुवर्षे खर्च करीत राहा, असे त्या कुटुंबांना सांगण्याचा अधिकार समाजाला तेव्हाच येतो, जेव्हा समाज त्या खर्चातला काही वाटा उचलतो.

कायदा या बाबतीत फारसा उपयोगी पडत नाही. १९५८चा प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा आणि त्याची २०१० ची दुरुस्ती यांनी संरक्षित स्मारकांभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास मज्जाव केला आहे. पण त्यासाठी वास्तू आधी संरक्षितांच्या यादीत असावी लागते आणि त्या यादीत जिनिंगला कोण घेणार? राज्यात २०२० पासून लागू असलेल्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत वारसा वास्तूंच्या जतनाची तरतूद आहे. तरतूद असून भागत नाही. स्थानिक पातळीवर कोणीतरी वास्तूंची यादी करून ती मान्य करून घ्यावी लागते. लहान शहरांच्या नगरपालिकांकडे ना त्यासाठी तज्ज्ञ माणूस असतो, ना उत्साह.

नागपूरपासून लिव्हरपूलपर्यंत

विदर्भाच्या राजधानीत काय घडले ते आठवून पाहावे. १ जानेवारी १८७७ रोजी, ज्या दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी नागपुरात कापडगिरणी सुरू केली आणि तिचे नाव 'एम्प्रेस' ठेवले. वऱ्हाडचा कापूस मुंबई-मँचेस्टरला न पाठविता पिकतो तेथेच त्याचे कापड करायचे, हा त्यामागील विचार होता. म्हणजे नाव सम्राज्ञीचे, पण काम स्वदेशीचे. पुढे १८८६ साली टाटांनी मुंबईजवळ जी दुसरी गिरणी घेतली तिचे नावच 'स्वदेशी' ठेवले. टाटा उद्योगसमूहाची पायाभरणी ज्या वास्तूत झाली, ती एम्प्रेस मिल १९८६ मध्ये शासनाच्या ताब्यात आली आणि २००२ साली बंद पडली. गांधीसागर तलावाशेजारच्या त्या जागेवर आज मॉल आणि निवासी संकुल आहे. तेथे खरेदीला जाणाऱ्या तरुणाला पायाखालच्या भूमीचा इतिहास कोण सांगणार? कामगारांच्या देण्यांचा प्रश्न होता, हे मान्य. तरी एवढ्या विस्तीर्ण आवारात कापसापासून कापडापर्यंतची विदर्भाची कथा सांगणारे एक दालन करायला अडचण कसली होती?

आता ज्या शहरात खामगावच्या कापसाचा भाव ठरत असे, त्या लिव्हरपूलची गत ऐकावी. तेथील जुन्या गोद्या आणि वखारी २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाल्या होत्या. पण बंदराच्या काठावर नव्या उंच इमारतींना आणि एका जुन्या गोदीच्या जागी फुटबॉलच्या मैदानाला अनुमती दिली गेली, तेव्हा जुलै २०२१ मध्ये युनेस्कोने लिव्हरपूलला यादीतून वगळले. असा प्रसंग ओढवलेले ते जगातील केवळ तिसरे ठिकाण. श्रीमंत इंग्लंडलाही जागेचा लोभ आवरला नाही, तर वऱ्हाडच्या ओढग्रस्त मालकाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मात्र त्याच ब्रिटनमध्ये डर्वेंट खोरे, सॉल्टेअर, न्यू लॅनार्क येथील गिरण्या २००१ पासून जागतिक वारसा म्हणून जपलेल्या आहेत आणि तेथे शाळेची मुले सहलीला जातात. तेथे त्यांना ब्रिटनचा पराक्रम सांगितला जातो. त्या गिरण्यांच्या साम्राज्यासाठी कापूस कोणाच्या शेतातून गेला आणि त्यापायी कोणाचे चरखे थांबले, ही कथेची दुसरी बाजू सांगणारी जागा येथे आहे. ती आपणच पाडली तर जगाला एकच बाजू ऐकू येत राहील.

राखले म्हणून सापडले

सिंदखेडराजाचा उल्लेख आरंभी आला. २०२४च्या जून महिन्यात तेथे जे घडले त्यावरून बोध घेता येतो. लखुजीराव जाधवांच्या समाधीचे जतनकार्य भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे नागपूर मंडळ करीत होते. काम चालू असताना काही दगड एका रेषेत मांडलेले दिसले. खोदत गेल्यावर जुन्या मंदिराचा पाया लागला, सभामंडप दिसू लागला आणि अखेर भूमीतून शेषशायी विष्णूची सुमारे पावणेदोन मीटर लांबीची अखंड मूर्ती प्रकट झाली. शेषावर पहुडलेले भगवान, पायाशी लक्ष्मी, मागे समुद्रमंथनाचा देखावा. कित्येक शतके ती मूर्ती तेथेच होती. लोक तिच्यावरून चालत होते. समाधीचा परिसर संरक्षित नसता तर त्या जागेवर एव्हाना एखादे दुकान नाही तर लग्नाचे कार्यालय उभे राहिले असते आणि त्याच्या पायाखाली भगवंत निद्रिस्तच राहिले असते. समाधी राखली म्हणून मंदिर सापडले. कोणती जागा उद्या काय सांगेल, हे ती राखताना कोणालाच ठाऊक नसते.

मेहकरची आठवण याहून जुनी. १८८८ साली तेथे जमिनीतून शार्ङ्गधर बालाजीची नितांतसुंदर भव्य मूर्ती निघाली. इंग्रज अधिकारी ती विलायतेला नेणार, अशी वार्ता पसरली. मेहकरकर सांगतात की, गावकऱ्यांनी वेळ न दवडता मूर्तीची प्राणप्रतिष्ठा केली; प्रतिष्ठा झालेला देव हलविण्याचे धैर्य मग साहेबाला झाले नाही. आज त्याच मूर्तीच्या दर्शनासाठी दूरदूरहून भाविक येतात. त्या गावकऱ्यांनी ना कायद्याचे कलम पाहिले, ना सरकारची वाट पाहिली. वस्तू आपली आहे, एवढे त्यांना ठाऊक होते आणि तेवढे त्यांना पुरेसे झाले.

खामगावात यातले काय होऊ शकते? सर्वच जुन्या इमारती वाचविता येणार नाहीत आणि तसा आग्रहही धरू नये. एखादे बरे राहिलेले जिनिंग त्यातल्या रेच्यांसह, दांड्यासह, धुरांड्यासह राखले, त्याच्या एका भागात कापसाचे संग्रहालय आणि उरलेल्या भागात बाजार, ग्रंथालय वा सभागृह केले, तर ती वास्तू स्वतःचा खर्च बराचसा स्वतः भागवू शकेल. वापरात असलेली वास्तू टिकते, हे तर खामगावकरांना सांगण्याची आवश्यकता नाही. कोजागरीपासून जलालपुऱ्यात मोठ्या देवीचा उत्सव सुरू झाला की जुन्या वस्तीचे गल्लीबोळ कसे उजळून निघतात, ते सर्वांनी पाहिलेले आहे. मालकाला घरपट्टीत सवलत देणे नगरपालिकेला अशक्य नाही. जनुना तलावासह गावाच्या जुन्या पाणीव्यवस्थेचीही नोंद याच ओघात होऊन जाईल. आणि ज्या वास्तू जाणारच आहेत, त्यांची मोजमापे, नकाशे, छायाचित्रे तरी घेऊन ठेवावीत. हे काम करायला तज्ज्ञ परगावाहून आणावे लागणार नाहीत; ज्या गावात चित्रकलेचे विद्यालय आहे तेथे हाती कागद-पेन्सिल घेतलेली मुले आहेत. रेच्यावर काम केलेल्या वृद्ध स्त्री-पुरुषांच्या आठवणी लिहून घेण्याचे काम तर त्याहून निकडीचे, कारण इमारतींपेक्षा माणसे आधी जातात.

याला आरंभ करण्यासाठी मुहूर्त शोधावा लागू नये. खंडेनवमीला वऱ्हाडात यंत्रांची पूजा होते. कापसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी रेच्यांना झेंडूच्या माळा चढतात, हळदकुंकू वाहिले जाते, नारळ फुटतो. यंत्रे थांबली तरी पुष्कळ घराण्यांनी हा कुळाचार सोडलेला नाही. एरवी वर्षभर बंद असलेल्या आवाराचे कुलूप त्या दिवशी काढले जाते, झाडलोट होते आणि म्हातारे धनी आपल्या नातवंडांना घेऊन तेथे येतात. येत्या खंडेनवमीला चार-पाच तरुणांनी वही, मोजपट्टी आणि कॅमेरा घेऊन, घरच्यांची अनुज्ञा घेऊन, प्रसादाला तेथे हजर राहावे. पहिली यादी त्या दिवशी करता येईल.